रक्तदाबाची सूत्रं मूत्रपिंडांकडेही असतात

रक्तदाब हा फक्त हृदयाचा मामला, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. त्यात मूत्रपिंडांची भर घालायलाच हवी. त्यांच्याकडे येणाऱ्या रक्ताचा दाब घटला की ती रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. त्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक (हार्मोन) बनतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, शिवाय अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकरवी मूत्रपिंडांना मीठ-पाणी राखून ठेवायला लावतं. दाब चढतो. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधं नेमकी याच साखळीत आड येतात.

मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली असेल, तर मात्र अंगात दाब भरपूर असूनही मूत्रपिंडाला तो कमीच भासतो आणि रेनिन सुटतच राहतं. म्हणजे वाढलेल्या दाबाचं मूळ मूत्रपिंडातही असू शकतं. म्हणून कळकळीने सांगते, तरुणपणीच रक्तदाब वाढलेला आढळला तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रथिन जरूर तपासून घ्या.