मदत हवी आहे: कॅसिनोत डीलरला टिप कशी द्यायची? शनिवारी परत जायचंय

रेवती_के
नमस्कार. जरा घाईत लिहितेय, शनिवारच्या आत उत्तर हवंय. गेल्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदाच कॅसिनोत गेलो. तासभर खेळले, थोडे जिंकलेही. उठताना डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या मुलीच्या हातावर टिप ठेवायला गेले, तर तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मागे उभा असलेला कोटवाला माणूस पुढे येऊन काहीतरी बोलला, पण त्या गोंगाटात मला कळलं नाही. मी नोट पर्समध्ये टाकली आणि निघून आले. रात्रभर तेच डोक्यात. कमी दिली म्हणून राग आला का? की तिथे देतच नाहीत? या वेळी सासू-सासरे बरोबर आहेत, त्यांच्यासमोर असं व्हायला नको. टिप कोणाकोणाला द्यायची, किती आणि कशी? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

सुहास_ठाणे
गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ना? आम्ही मित्र दर पावसाळ्यात जातो. टिपबिप काही लागत नाही. एंट्रीच्या पॅकेजमध्ये जेवण आणि दारू दोन्ही येतं. पॅकेजबरोबर ज्या ओटीपी (वन टाइम प्ले) चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात त्या फक्त खेळायच्या, त्यांचे पैसे होत नाहीत, त्या कोणाला देऊ नका. शिवाय चिप्स घेताना 40 टक्के जीएसटी भरतो आपण. एवढं भरल्यावर आणखी कशाला? सासू-सासऱ्यांना वरच्या डेकवर बसवा, वारा छान असतो.

मुक्ता
रेवती, कुठला कॅसिनो ते लिहिलंच नाहीस. खेळ कोणता होता? नोट देत होतीस की चिप?

पणजीवाला
सुहासराव, जीएसटी सरकारच्या तिजोरीत जातो, डीलरच्या खिशात नाही. मी पणजीचा. 2020 च्या फेब्रुवारीपासून आम्हा गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे आतलं मी सांगू शकत नाही. पण माझा मावसभाऊ बोटीवर पत्ते वाटतो. उजाडताना ने-आण करणाऱ्या फीडर बोटीने जेटीवर उतरतो तेव्हा रात्रभर उभं राहून पाय सुजलेले असतात. आधी कठड्यावर बसून बुटाच्या लेस सैल करतो आणि मगच स्कूटरकडे जातो. त्याच्या खोलीचं भाडं टिपमधून निघतं. तुम्ही चार मित्रांनी एकेक शंभराची चिप पुढे सरकवली असती तर तुमचं काही अडलं नसतं.

सुहास_ठाणे
पगार देणं मालकाचं काम आहे. आम्ही हरून येतो तेव्हा आम्हाला कोण देतं?

रेवती_के
अहो, गोवा नाही! लास वेगास. मी फिनिक्सला असते, इथे बऱ्याच जणांना ते माहीत आहे म्हणून लिहिलं नाही. खेळ ब्लॅकजॅक, कमीत कमी 15 डॉलरचं टेबल. पाचाची नोट देत होते. आता तरी सांगा.

अनघा_मेलबर्न
आमच्याकडे डीलरने टिप घ्यायलाच बंदी आहे. तुम्ही चिप पुढे केलीत तर तो हसून परत सरकवतो. फार सुटसुटीत वाटतं.

मुक्ता
अनघा, ती ऑस्ट्रेलियाबद्दल विचारत नाहीये गं.

अभय_सॅनहोजे
रेवतीताई, वेगासला मी वर्षातून दोनदा जातो. रोख टिप देऊच नका. पुढच्या डावाला तुमची बेट, म्हणजे पैज, लावलीत की टेबलावर बेट ठेवायच्या वर्तुळाच्या पुढच्या कडेला पाच डॉलरची लाल चिप ठेवा आणि ‘फॉर द डीलर’ म्हणा. तुम्ही जिंकलात तर त्यांचे पाचाचे दहा होतात. हरलात तर गेले. त्यांनाही डावात मजा येते आणि टेबलावरचं वातावरणच बदलतं. आणि हो, ज्या टेबलावर ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस झाले तर) पाचाला सहा देतात असं लिहिलेलं असेल तिथे बसू नका, दोनाला तीन देणारं शोधा. 15 डॉलरच्या बेटवर एकीकडे 18 मिळतात आणि दुसरीकडे साडेबावीस. टिप किती द्यायची यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

मिलिंद_हेंडरसन
रेवतीताई, मी सहा वर्षं वेगासमध्ये डीलर होतो, आता दुसरं काम करतो. आधी मनातलं काढून टाका. ती रागावलेली नव्हती. डीलरला गिऱ्हाइकाच्या हातातून काहीही घेता येत नाही, एक डॉलरही नाही. डोक्यावर कॅमेरा असतो आणि प्रत्येक चिप, प्रत्येक नोट टेबलावर सपाट पडलेली त्यात दिसावी लागते. हातातून हातात काही गेलं तर ती चोरी आहे की टिप हे वरच्यांना सांगता येत नाही. म्हणूनच टेबल सोडताना डीलर दोन्ही हात एकदा एकमेकांवर आपटून तळवे वर-खाली करून दाखवतो, काही लपवलेलं नाही हे कळावं म्हणून. मला ती इतकी सवय लागली होती की घरी भांडी घासून झाल्यावरही हात तसेच व्हायचे.

आपल्याकडे ‘हातावर काहीतरी ठेव’ असंच म्हणतात. वॉचमन असो की हमाल, आपण हातावरच ठेवतो. तुम्ही केलंत ते आपल्या रीतीने बरोबरच होतं. फक्त त्या मुलीने तसं घेतलं असतं तर तिची नोकरी गेली असती. तो कोटवाला फ्लोअर सुपरवायझर. ‘टेबलावर ठेवा’ एवढंच म्हणाला असणार. त्याला टिप द्यायची नसते.

तर चिप टेबलावर ठेवायची, डीलरच्या बाजूला सरकवायची आणि ‘धिस इज फॉर यू’ म्हणायचं. ती चिप टेबलाच्या कडेवर टकटक करून सुपरवायझरला ऐकवेल आणि टिपच्या डब्यात टाकेल. संपलं. जाताना दिलीत तरी चालेल, मधे एखादा चांगला डाव लागल्यावर दिलीत तरी. पण लक्षात ठेवा, डीलर साधारण तासाने बदलतो. जिने तुम्हाला सांभाळून घेतलं ती शेवटी टेबलावर असेलच असं नाही, म्हणून ती उठायच्या आधी द्या.

अभय_सॅनहोजे
पण बेट लावणं जास्त चांगलं ना?

मिलिंद_हेंडरसन
तुम्हाला मजा येते म्हणून चांगलं. मला विचाराल तर सरळ दिलेली चिप शंभर टक्के आमची. बेट लावलेल्या अर्ध्याहून जास्त परत कॅसिनोकडेच गेलेल्या पाहिल्यात मी.

अभय_सॅनहोजे
हे पटत नाही. मी ज्यांना विचारलं त्या डीलरना बेटच आवडते.

मिलिंद_हेंडरसन
गिऱ्हाइकाने तोंडावर विचारल्यावर आम्ही दुसरं काय सांगणार?

नंदूकाका
तरुण मंडळी बेटवरून भांडतायत, पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. अमेरिकेत टिप घेणाऱ्याला तासाला फक्त 2.13 डॉलर पगार देतात, बाकी भार गिऱ्हाइकावर. ही पद्धतच चुकीची आहे. आपल्याकडे पोस्टमनला दिवाळीची पोस्त द्यायचो ती वर्षातून एकदा आणि आनंदाने. इथे प्रत्येक पावलाला हात पुढे.

मिलिंद_हेंडरसन
काका, तो 2.13 चा आकडा केंद्राचा आहे आणि बऱ्याच राज्यांत लागू होतो, पण नेवाडात नाही. इथे टिप मिळो न मिळो, किमान वेतन सगळ्यांना सारखंच, 2024 च्या जुलैपासून तासाला 12 डॉलर. पण डीलरचा पगार त्याच्याच आसपास घुटमळतो आणि वेगासचं घरभाडं बारा डॉलरवर निघत नाही. घर चालतं ते टिपवर. आणि आम्ही कधी हात पुढे केला नाही. तोंडाने मागायची तर सक्त मनाई असते.

आणखी एक. तुम्ही दिलेले पाच डॉलर त्या मुलीला एकटीला मिळत नाहीत. बहुतेक कॅसिनोंत चोवीस तासांच्या सगळ्या डीलरच्या टिपा एकत्र मोजून कामाच्या तासांप्रमाणे वाटतात. मोजणारी समिती डीलरचीच असते. तिथे टिपला ‘टोक’ म्हणतात. 2006 मध्ये एका मोठ्या कॅसिनोने त्या पैशांत सुपरवायझरांनाही वाटा द्यायला सुरुवात केली, त्यावर डीलर वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. पोकरच्या टेबलावर मात्र सहसा ज्याची टिप त्याची.

सुहास_ठाणे
म्हणजे चांगलं काम करणाऱ्यालाही तेवढेच आणि तोंड पाडून बसणाऱ्यालाही. मग द्यायची कशाला?

पणजीवाला
मंगळवारी पहाटे रिकाम्या टेबलावर उभं राहणाराही घरभाडं भरतो, सुहासराव.

दीपाली_डॅलस
मला एक बोलायचंय. आपली माणसं टिप देत नाहीत अशी ख्याती झालीये आणि ती ऐकून मान खाली जाते. रेवतीने विचारलं हेच मला आवडलं.

नंदूकाका
ख्याती कोण ठरवतं? आम्ही पै पै जोडून मुलांना तिकडे पाठवलं. डॉलरला गुणिले करूनच खर्च करायची सवय आहे, त्यात लाज कसली?

विनय_नाशिक
विषय निघालाच आहे तर सांगतो, महाराष्ट्रातही 1976 चा कॅसिनो कायदा होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. नाहीतर हा प्रश्न मुंबईतही पडला असता.

रेवती_के
मिलिंददादा, मनापासून आभार. आठवडाभराचं ओझं उतरलं. आता सासऱ्यांचं सांगा. ते टेबलावर बसणार नाहीत, त्यांना पैसे टाकून खेळतात त्या स्लॉट मशीनवर खेळायचंय. आणि ड्रिंक घेऊन येतात त्या बायकांना काय द्यायचं? ड्रिंक फुकट म्हणतात ना? सासरे फक्त संत्र्याचा रस घेतात.

मिलिंद_हेंडरसन
खेळताय तोवर ड्रिंक फुकट, रस असो की व्हिस्की. पण आणणारीला दर ग्लासमागे डॉलर-दोन डॉलर द्यायचे. पूर्वी एक चालायचा, आता दोन द्या. हिच्या हातात दिलेले चालतात, ट्रेवर ठेवले तरी चालतात, कारण ती टेबलावरच्या पैशांना हात लावत नाही. पहिल्याच ग्लासाला द्या, म्हणजे ती पुन्हा फिरकते. टाचांच्या बुटांत भरला ट्रे घेऊन मैलोन् मैल चालतात त्या बायका, हे बाबांना सांगा.

अडचण एकच होते. मशीनमधून हल्ली नाणी पडत नाहीत, कागदी तिकीट निघतं, आणि खिशात फक्त वीस-वीसच्या नोटा. आत शिरल्याबरोबर ज्या यंत्रात तिकीट वटवतात तिथेच वीसची नोट घालून सुट्टे करून घ्या. एकेकच्या दहा नोटा बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवा.

अभय_सॅनहोजे
पार्किंगवाल्यालाही गाडी परत आणून देताना तीन ते पाच डॉलर. खोली साफ करणारीला रोजचे पाच, रोज सकाळी वेगळे ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी दुसरीच येऊ शकते.

मुक्ता
सासरे व्हिजिटर व्हिसावर आहेत का? मोठा जॅकपॉट लागला तर परदेशी नागरिकाचे 30 टक्के जागेवर कापतात. पासपोर्ट जवळ असू दे.

मिलिंद_हेंडरसन
बरोबर. मशीन बंद पडतं, माणूस कागद घेऊन येतो आणि पैसे हातात मोजून देतो. त्यालाही लोक थोडं देतात, पण सक्ती नाही. ब्लॅकजॅक आणि रूलेच्या (फिरत्या चाकावरच्या खेळाच्या) जिंकण्यावर परदेशी माणसाचा तो 30 टक्के कर नसतो.

सुहास_ठाणे
आणि तुम्हा डीलरांना टिपवर कर माफ झालाय म्हणे.

मिलिंद_हेंडरसन
माफ नाही. 2025 पासून 2028 पर्यंत वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतची टिप उत्पन्नातून वजा करता येते, तीही केंद्राच्या आयकरापुरती. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनचा हप्ता, कापली जातेच.

रेवती_के
रविवार सकाळ. काल जाऊन आलो. योगायोगाने तीच मुलगी होती. मी ओळखलं, तिने ओळखलं की नाही माहीत नाही. या वेळी हरले, चाळीस डॉलर गेले. तिची पाळी संपायच्या आत दोन लाल चिप्स टेबलावर ठेवून पुढे सरकवल्या. तिने दोन्ही टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवल्या, डब्यात टाकल्या आणि ‘थँक यू, मॅम’ म्हणाली. मग हात आपटून तळवे दाखवले, दादांनी लिहिलं होतं अगदी तसे. मी सासूबाईंना दाखवलं आणि का ते सांगितलं.

सासऱ्यांनी रसाच्या तीन ग्लासांमागे सहा डॉलर दिले. दर वेळी खिशातून नोटा काढून उभे राहून दिले, बसून नाही. उरलेल्या चार नोटा मला परत करत म्हणाले, उद्या सकाळी खोलीत उशीपाशी ठेव. त्यात एक घालून ठेवल्यात, आता निघतोय.