गिटारवरच्या ‘बेंड’ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर: क्लासच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहितोय. मुलं ‘ईगल्स’ बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ गाण्याचा शेवटचा सोलो वाजवणार आहेत. बेंड म्हणजे काय, हे श्रोत्यांना दोन ओळींत सांगायचंय. ‘स्वर वाकवणे’ लिहिलं, तर सर म्हणाले, वाकवतात ती सळई. मग काय लिहू?

शहापूरचा तंबोरा: मींड. सतारीच्या पडद्यावर तार आडवी ओढली की ताण वाढतो, स्वर चढतो. गिटारवर वेगळं काय करता? घरचा शब्द असताना उसना कशाला?

सहा तारा: बुवा, मींडेत मधली सगळी वाट ऐकू यायला हवी. गिटारवर कित्येक बेंड झटक्यात वर पोचतात. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर ओढतात, आमचं बहुतेक काम एका स्वरात भागतं. आम्ही सरळ ‘तार खेच’ म्हणतो. इलेक्ट्रिकच्या बारीक तारा ऐकतात तरी. अकूस्टिकवर बोटं सोलून निघतात. सोलो म्हणतात ते त्यालाच असावं!

शहापूरचा तंबोरा: विनोद पुरे. आधी तार ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सोडत खाली यायचं, याला तुम्ही काय म्हणता?

सहा तारा: प्री-बेंड.

शहापूरचा तंबोरा: आम्ही विलोम मींड म्हणतो. छेडून मग ओढली तर अनुलोम. आहे की नाही सोय?

सहा तारा: सोय आहे, पण निवेदनात विलोम आलं की लोक प्राणायाम करायला बसतील.

खानापुरी: खेच, ओढ हे आमच्याकडं बैलाला म्हणतात की हो! बाकी तार म्हणजे कन्नडात तंती, आपल्या तंतुवाद्यातला तंतू तोच. बेंडवर एवढं भांडलात आणि कन्नड कवी बेंद्रे कुणालाच आठवले नाहीत? धारवाडचे, घरात मराठी बोलणारे, आणि ‘नाकु तंति’ला, म्हणजे ‘चार तारा’ला, ज्ञानपीठ.

सहा तारा: झालं, आता सीमाप्रश्न निघणार.

टिळकवाडीकर: मंडळी, निवेदन छापायला द्यायचंय. ईगल्सच्या दोन गिटारवादकांपैकी फेल्डर सुरुवात करतो, मग वॉल्श, मग आलटून पालटून, शेवटी दोघं जोडीनं, एवढं लिहून झालंय. बेंडची ओळ तेवढी राहिली.

शहापूरचा तंबोरा: थांबा. दोघं वाजवतात तर सोलो कसा? जुगलबंदी लिहा.

सहा तारा: जुगलबंदी आयत्या वेळी रंगते. हा ठरवून बसवलेला आहे. फेल्डर स्वतः सांगतो, स्टुडिओत तो नवं काही वाजवायला लागला, तर बँडचा गायक-ड्रमर हेन्लीनं आधीच्या नमुन्याच्या टेपवरचंच हवं म्हणून हट्ट धरला. टेप राहिली घरी. मग घरकामाच्या बाईंना फोन करून ती लावायला सांगितली आणि ऐकून पुन्हा बसवला.

शहापूरचा तंबोरा: बंदिशही बसवलेलीच असते. म्हणून ती गाणाऱ्याची नसते का?

खानापुरी: मग ‘जोडसोलो’ म्हणा.

शहापूरचा तंबोरा: अर्धं मराठी, अर्धं इटालियन! त्यापेक्षा जोडवादन.

सहा तारा: जोडवादन सनई-चौघड्याचं वाटतंय.