सॅम कुक यांचा खरा आवाज कोणता मानावा?

प्रश्न

अमेरिकी सोल गायक सॅम कुक यांच्या दोन मैफिलींची ध्वनिमुद्रणे मी गेले काही दिवस आलटून पालटून ऐकत आहे. पहिली मैफल जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये झाली आणि दुसरी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नाइटक्लबमध्ये. दोहोंमध्ये जेमतेम दीड वर्षाचे अंतर असूनही पहिल्या मैफिलीतला गायक घसा फाटेल इतक्या जोराने श्रोत्यांना साद घालतो, तर दुसरीतला कपड्यांची इस्त्रीही न मोडता गातो. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधले भक्तिसंगीत, सोडून ते लोकप्रिय गाण्यांकडे वळले तेव्हा चर्चमधले श्रोते दुखावले गेले होते, असेही वाचले. त्यांचा खरा आवाज कोणता आणि तो कोठे ऐकावा, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

या दोन्ही मैफिलींच्या आधीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. कुक यांचा जन्म १९३१ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल येथे झाला आणि ते लहान असतानाच कुटुंब शिकागोला आले. वडील धर्मोपदेशक असल्यामुळे भावंडांसह चर्चमध्ये गाणे हेच त्यांचे पहिले शिक्षण ठरले. विशीत पदार्पण करता करता त्यांना ‘सोल स्टिरर्स’ या नामांकित गॉस्पेल चमूत आर. एच. हॅरिस यांची जागा मिळाली. ही जागा सोपी नव्हती, कारण हॅरिस यांच्या गायकीचा त्या क्षेत्रात दरारा होता. सुरुवातीला कुक जोर लावून गात. पुढे मात्र त्यांनी स्वर चढवण्याऐवजी वळवण्याची वाट धरली. एखादा ‘ओ’ घ्यायचा, त्याला दोनतीन हलके हेलकावे द्यायचे आणि तो पुन्हा अलगद शब्दावर आणून ठेवायचा, ही त्यांची खास हरकत होय.

ती ऐकण्यासाठी १९५६ चे ‘टच द हेम ऑफ हिज गारमेंट’ लावावे. येशूच्या वस्त्राच्या काठाला स्पर्श करून बरी झालेल्या स्त्रीची बायबलमधली कथा त्यात आहे. गाण्याची सुरुवातच त्या हेलकाव्याने होते आणि पुढे कथा सांगताना आवाज कोठेही उपदेशाचा होत नाही. ओसरीवर बसून ऐकलेली हकिगत सांगावी, तसा तो येतो. यानंतर लगेच १९५७ चे ‘यू सेंड मी’ ऐकले, तर तीच हरकत जशीच्या तशी सापडते, केवळ देवाच्या जागी प्रेयसी आलेली असते.

श्रोत्यांच्या नाराजीचे मूळही मला येथेच दिसते. ‘लव्हेबल’ हे त्यांचे पहिले लौकिक गीत सोल स्टिरर्सच्या ‘वंडरफुल’ या भक्तिगीताचे शब्द बदलून केलेले होते आणि ते ‘डेल कुक’ या टोपणनावाने बाजारात आले. तो आवाज कोणाचा, हे ओळखायला कोणालाही वेळ लागला नाही. गायकी बदलली असती, तर कदाचित इतके बोचले नसते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु कंपनीची बाजूही सांगायला हवी. सोल स्टिरर्सची गाणी काढणाऱ्या स्पेशल्टी कंपनीचे मालक आर्ट रूप यांना ‘यू सेंड मी’ च्या ध्वनिमुद्रणातली गोऱ्या गायकांची गुळगुळीत साथ पसंत पडली नाही. त्या वादातून निर्माते बम्प्स ब्लॅकवेल मुद्रित फिती घेऊन बाहेर पडले आणि ते गाणे कीन या नव्या कंपनीकडून आले. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या पॉप आणि ऱ्हिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीत) अशा दोन्ही याद्यांमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही मैफिलींमध्ये ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ हे जुने प्रेमगीत आहे. तेवढेच एकापाठोपाठ एक ऐकून पाहावे. कोपाकबानामध्ये ते इतर गाण्यांच्या मालिकेत नीट ओवलेले आहे, वाद्यवृंद सजलेला आहे आणि श्रोते टाळ्या वाजवण्यापुरते हजर आहेत. हार्लेम स्क्वेअरमध्ये कुक एक ओळ सोडून देतात आणि सगळा क्लब ती उचलून गातो; काही क्षण गायक कोण आणि श्रोता कोण हे कळेनासे होते. हा क्लब मायामीच्या ओव्हरटाउन या कृष्णवर्णीय वस्तीतला होता आणि साथीला सॅक्सोफोनवर किंग कर्टिस होते. चर्चमध्ये उपदेशक आणि जमाव यांच्यात चालणारी देवाणघेवाण येथे जशीच्या तशी आहे. आरसीए कंपनीने हे मुद्रण त्या वेळी बाहेर काढलेच नाही. ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे बावीस वर्षे ते कपाटातच राहिले.

तरीही कोपाकबानाला खोटे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९५८ मध्ये त्याच मंचावर त्यांची फजिती झाली होती. गोऱ्या, श्रीमंत, जेवणाच्या टेबलावर बसलेल्या श्रोत्यांना कसे धरून ठेवावे, हे शिकून ते परत आले होते. आणि त्याच मैफिलीत त्यांनी बॉब डिलन यांचे ‘ब्लोइंग इन द विंड’ ही गायले, हे विसरू नये. इस्त्री मोडली नव्हती हे खरे, पण त्या पोशाखाआडचा माणूस तोच होता.

तिसरा प्रतिसाद

आवाजाची चर्चा होते आणि माणसाची व्यवहारबुद्धी मागे राहते, म्हणून थोडे लिहितो. स्वतःच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवणारे कृष्णवर्णीय गायक त्या काळात विरळा होते. कुक यांनी जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्याबरोबर कॅग्ज म्युझिक ही प्रकाशनसंस्था आणि एसएआर ही ध्वनिमुद्रण कंपनी चालवली. तिच्यात बॉबी वोमॅक व त्यांच्या भावांचा ‘व्हॅलेंटिनोज’ हा चमू होता आणि जॉनी टेलरही होते. व्हॅलेंटिनोजचे ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ’ १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने गायले आणि ते गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

हाच ताठपणा मंचावरही होता. १९६१ मध्ये मेम्फिसला श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवण्याची व्यवस्था असल्याचे कळताच त्यांनी गाण्यास नकार दिला.

चौथा प्रतिसाद

‘अ चेंज इज गॉना कम’ या त्यांच्या वर्णभेदावरील गाण्याचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे नवल वाटले. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट येथे कुक यांना आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींना एका हॉटेलने खोल्या नाकारल्या. कुक यांनी जागच्या जागी जाब विचारला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांनाच अटक झाली. (शहराच्या महापौरांनी त्याबद्दल २०१९ मध्ये कुटुंबाची माफी मागितली.) त्याच वर्षी त्यांचा दीड वर्षाचा मुलगा पाण्यात बुडून गेला होता. हे गाणे ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवुडमध्ये मुद्रित झाले. संगीत संयोजक रेने हॉल यांनी तंतुवाद्ये, फ्रेंच हॉर्न आणि नगाऱ्यांसारखे घुमणारे टिंपनी यांची अशी रचना केली की गाणे चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखे उलगडते. त्यात कुक ती जुनी हलकी हरकत जवळजवळ घेतच नाहीत. स्वर सरळ लावतात आणि धरून ठेवतात. मला विचाराल तर गॉस्पेलचा धडा येथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

एक सूचना: गाणे संपूर्ण ऐकावे. एकेरी तबकडीसाठी (सिंगलसाठी) त्यातले एक कडवे कापले गेले. चित्रपट पाहायला आणि शहरात जावे तर कोणीतरी सतत हटकते, असे सांगणारे ते कडवे होते. त्याच्याविना गाण्यातला सगळ्यात ठोस अनुभव निघून जातो.

पाचवा प्रतिसाद

छोटीशी दुरुस्ती. हे गाणे म्हणजे कुक यांना मृत्यूची लागलेली चाहूल होती, असे अनेकदा भावुकपणे सांगितले जाते. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलमध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तेथल्या व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ती हत्या समर्थनीय ठरवली गेली, तरी त्या निर्णयाबद्दलच्या शंका आजही मिटलेल्या नाहीत. परंतु ध्वनिमुद्रण त्याच्या दहा महिने आधीचे आहे. त्यानंतर कोपाकबानाची मैफल झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘शेक’ हे नाचाचे धमाल गाणे मुद्रित केले. मृत्यूनंतर निघालेल्या तबकडीची मुख्य बाजू त्याच ‘शेक’ ची होती. ‘अ चेंज इज गॉना कम’ तिच्या मागच्या बाजूला होते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ आत्ताच दोन्हीकडे ऐकले. हार्लेम स्क्वेअरमध्ये त्यांनी ओळ सोडल्यावर एका बाईंचा आवाज बाकीच्यांच्या अर्धा क्षण आधीच सुरू होतो, असे मला वाटले. आता ‘टच द हेम’ लावले आहे.