राक्षसांची सूची: कुणाची नोंद घ्यायची, कुणाची सोडायची?

वहीवाली (जुळे सोलापूर)
दर रविवारी दुपारी आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून कल्पनेतल्या राक्षसांशी लढायच्या खेळाचा, डाव बसतो, चालवते मी. डाव रंगात आला की खेळाच्या पुस्तकांत नेमकं पान सापडत नाही, म्हणून दोनशे पानी वही घेऊन सगळ्या राक्षसांची सूची करायला घेतली. आठवड्यात अडकले.

परवाचंच सांगते. पोरं गुहेत शिरली, मला सापांच्या केसांची बाई हवी होती. मी 'गॉर्गन' उघडलं, तर तिथे लोखंडी खवल्यांचा बैल! श्वासानं दगड करणारा. ती बाई 'मेड्युसा' नावाखाली. पान शोधेपर्यंत पोरांनी शेंगाचटणीची अख्खी वाटी संपवली आणि भीती पार उतरली.

'ड्रो'चं, म्हणजे जमिनीखालच्या काळ्या एल्फांचं, आणखी वेगळं. 1977च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसांच्या पुस्तकात नुसता उल्लेख, लढायचे आकडे आले 1978च्या एका छापील साहसात, मग पुन्हा 1981च्या 'फीन्ड फोलिओ' या राक्षसांच्याच पुस्तकात. खरी नोंद कुठली धरू? घोडा, खेचर, उंट यांनाही 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आकडे आहेत, त्यांना राक्षसांत बसवू का? आणि मी स्वतः आकडे बसवलेले मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध? ते घ्यायचे का?

जुना_ग्रंथपाल
ताई, आधी ती वही बाजूला ठेवा आणि कार्डं आणा. बांधलेल्या वहीत मधे नोंद घुसवता येत नाही. सुट्या पानांतही धोका असतो. 1989मध्ये याच खेळाचे राक्षस फायलीत लावायच्या सुट्या पानांवर निघाले होते. कल्पना छान, पण कितीतरी पानांच्या दोन बाजूंना दोन वेगळे राक्षस. नवा संच आला की मधे घालायचा कसा? पुढची बाजू जागेवर बसवली की पाठची चुकणार. 1993मध्ये शेवटी बांधीव पुस्तक आलं. म्हणून एका कार्डावर एकच नाव, पाठ कोरी.

जिथे लढायचे आकडे आहेत ती नोंद, नुसता उल्लेख असेल तिथे 'पाहा'. ड्रोच्या एकाच कार्डावर तिन्ही ठिकाणं सालानुसार लिहा. गॉर्गनच्या कार्डावर 'सापांचे केस असलेली: पाहा मेड्युसा' एवढी ओळ पुरे. घरचे राक्षस मात्र मी घेणार नाही. छापील पान नाही, तर सूची दाखवणार कुठे?

पार्क_चौक_पॅलाडिन
ताई, घोडा पाहिजेच! माझा घोडा दर डावात जखमी होतो आणि त्याचे आकडे तुम्ही दरवेळी शोधायलाव.

वहीवाली
घोडा घेतला. नवी पेठेतून कार्डंही आणली. पहिलं कार्ड 'राक्षस' या नावाचंच केलं. 1977च्या पुस्तकातल्या चित्रात त्याला वाघाचं तोंड आहे, अंगात झगा, हातात पाईप. आमच्या आजीच्या गोष्टींतला राक्षस असा कधीच नव्हता, पण कार्डावर पुस्तकातलाच लिहिला, कारण पान त्याचं आहे.

घरच्यांबाबत मात्र काका, तुमचं पटत नाही. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा निघतो तो पिंपळावरचा मुंजा. सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, म्हणून त्याला मारायचं नसतं, त्याची राहिलेली इच्छा पुरी करायची असते. हे माझ्या डावाच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे, तारखेसकट. छापलेलं नसलं तरी पान आहेच ना?

अडते ती चकव्यापाशी. रात्री शिवारात माणसाला फिरवून फिरवून पुन्हा त्याच बांधावर आणतो. त्याला अंग नाही, घाव लागत नाही. तुमच्या नियमानं तो बाद होतो.

जुना_ग्रंथपाल
रजिस्टरचं मान्य. तारीख आणि पान टाका, माझी हरकत संपली.

चकव्याला कार्ड द्या. हिरवा चिकटा, ग्रीन स्लाइम, 1977मध्ये राक्षसांत होता. 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत तो डाव चालवणाऱ्याच्या पुस्तकात गेला, धोक्यांमध्ये. तरी शोधणारा तो राक्षसांतच शोधतो. कार्डाच्या कोपऱ्यात 'धोका' लिहा आणि 'च'मध्ये लावून टाका.

वहीवाली
लावलं. चेटकिणीच्या आधी बसला.