मदत हवी आहे: घोळीची पानं पहाटे जास्त आंबट होतात, हे घरी कसं दाखवायचं?

मंडळी, भाची अकरावी सायन्सला आहे, प्रोजेक्टला प्रकाशसंश्लेषण घेतलंय आणि मामाला कामाला लावलंय. गहू-तांदूळ सी-थ्री (कार्बन पकडल्यावर पहिला पदार्थ तीन कार्बनचा), ज्वारी-मका-ऊस सी-फोर (चार कार्बनचा) इथवर समजलं. रुबिस्को नावाचं एन्झाइम कार्बन डायऑक्साइड सोडून अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं, ऊन तापलं की जास्तच, मग झाडाचा कमावलेला कार्बन वाया जातो, म्हणून सी-फोरवाले आधी दुसऱ्याच एन्झाइमने वायू पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन रुबिस्कोला देतात. ही युक्ती वेगवेगळ्या कुळांत ६० हून जास्त वेळा स्वतंत्रपणे आलीये, हे वाचून मी उडालोच! आणि निवडुंग, अननस, घायपात हे कॅमवाले, पर्णरंध्रं रात्री उघडून मॅलिक आम्ल साठवतात, दिवसा ती बंद ठेवून तेच वापरतात.

आता घोळ, आपल्या मंडईत जुडी मिळते तीच, कोथरूडला आमच्या गच्चीतल्या कुंड्यांत न लावता उगवलीये. ती मुळात सी-फोर, पण पाणी तोडलं की कॅमपण चालू करते, आणि २०२२ च्या एका अभ्यासात दोन्ही एकाच पेशीत चालतात असं दिसलं. तर एका कुंडीचं पाणी बंद केलं आणि पहाटे-संध्याकाळी पानं वाटून लिटमस लावला तर फरक दिसेल का? तुलनेला लाल माठ चालेल का, तोही सी-फोरच ना? पावसाळ्यात हे जमेल का तेही सांगा, गच्चीवर शेड नाहीये.

प्रतिसाद: लिटमस नको, दोन्ही वेळा लालच होणार, रस आम्लधर्मीच असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये टायट्रेशन करा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून आम्ल किती ते मोजा, रंग बदलून खूण देणारं फिनॉल्फ्थॅलिन घालून, पानांचं वजन मात्र दोन्ही वेळा सारखं घ्या. पहाटेची पानं उजाडायच्या आत तोडून लगेच फ्रीझरला टाका, नाहीतर कॉलेज गाठेपर्यंत आम्ल संपायला लागेल. माठ चालेल, त्यात कॅम नाही. कुंडी पावसात नको, खिडकीत ऊन येत असेल तिथे आणा. आणि सोबत पानफुटी ठेवाच, ती कॅमवालीच, म्हणून खात्रीची. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागतात हे भारतात काम केलेल्या बेंजामिन हाईन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ च्या पत्रात कळवलं होतं.

धागाकर्ता: भारी! पानफुटी शेजारच्या काकूंकडे आहे, मागतो. पाणी तोडल्यावर पानं मलूल व्हायची वाट बघायची की त्याआधीच तोडायची?