घरी बिअर तयार करण्याची सुरुवात: कोणती साधने आधी घ्यावीत आणि खर्च कुठे वाचवावा?

प्रश्न

नमस्कार. घरच्या घरी बिअर तयार करण्याविषयी गेले काही महिने मी वाचतो आहे आणि आता प्रत्यक्ष सुरुवात करायचे ठरवले आहे. स्वतःपुरते मद्य तयार करण्याबाबतचे नियम मी आधीच तपासले असून त्या बाजूने अडचण नाही. गोंधळ होतो तो साधनांच्या याद्यांमुळे. एका यादीत झाकणाची बादली आणि एक नळी एवढ्यावर भागते, तर दुसरीत मोठे भांडे, तांब्याच्या नळीचे वेटोळे, धान्य भरडण्याची गिरणी, केग (बिअर दाबाखाली साठवण्याची धातूची टाकी) आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर एवढे सगळे येते. हा छंद मला मानवेल की नाही हे कळण्याआधी मोठी रक्कम गुंतवण्याची तयारी नाही. मात्र चुकीच्या ठिकाणी काटकसर करून पहिलीच बिअर बिघडावी, हेही नको आहे. माझ्याकडे दहा लिटरचे स्टीलचे पातेले, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि स्वयंपाकाची साधी शेगडी आहे. आधी काय घ्यावे आणि काय पुढे ढकलावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

तुमच्या दहा लिटरच्या पातेल्यापासूनच हिशेब सुरू करावा, असे मला वाटते. बहुतेक पाककृती १९ ते २० लिटरसाठी लिहिलेल्या असतात आणि नवखा माणूस तेच प्रमाण धरून खरेदीला निघतो. तिथेच खर्च फुगतो, कारण २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) गोड पाणी, उतू न जाता उकळायचे तर ३० लिटरच्या आसपासचे भांडे लागते, ते तापवण्याइतकी मोठी शेगडी लागते आणि उकळल्यानंतर लवकर थंड करण्यासाठी तांब्याचे वेटोळे लागते. पहिल्या तीन-चार खेपा पाच लिटरच्या केल्या, तर हे तिन्ही खर्च टळतात. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून पाणी बदलले की काम होते.

खरेदी करायचीच अशा वस्तू मोजक्या आहेत: खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे किण्वनपात्र (ज्यात यीस्ट साखरेचे मद्यार्क करते ते भांडे), झाकणाच्या छिद्रात बसणारा आणि आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा अडवणारा एअरलॉक, बिअर काढण्याची सायफन नळी, थर्मामीटर, पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर व त्याची उभी नळी, आणि निर्जंतुक करण्याचे द्रावण. पात्र नेहमी बिअरपेक्षा मोठे घ्यावे, कारण किण्वनाच्या जोरात फेस बराच वर येतो. यांपैकी हायड्रोमीटर पुष्कळ जण वगळतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. सुरुवातीची घनता १.०५० आणि शेवटची १.०१० भरली, तर त्यांतील फरकाला १३१.२५ने गुणून मद्यार्काचे प्रमाण सुमारे ५.२५ टक्के निघते. पण याहून महत्त्वाचे म्हणजे किण्वन खरोखर संपले आहे की नाही, हे एअरलॉकचे बुडबुडे नव्हे, तर हेच साधन सांगते.

काटकसर करू नये अशा माझ्या मते दोनच गोष्टी आहेत. पहिली स्वच्छता. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. मळ राहिला असेल तर निर्जंतुक द्रावण त्याच्याखाली पोहोचत नाही. शक्य असल्यास फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले, पुन्हा धुवावे न लागणारे द्रावण घ्यावे. प्लास्टिकचे पात्र खरखरीत घासणीने कधीही घासू नये. मी ते केले होते, आणि त्या ओरखड्यांत राहिलेल्या जंतूंमुळे माझ्या लागोपाठच्या दोन खेपा आंबट झाल्या. शेवटी पात्रच बदलावे लागले.

दुसरी गोष्ट तापमान. एल या प्रकारच्या बिअरचे नेहमीचे यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसला चांगले काम करते, आणि किण्वन चालू असताना आतले द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक गरम असते. उष्णता वाढली की बिअरला तिखट, जळजळीत मद्यार्काची चव येते, आणि ती मुरवूनही पूर्णपणे जात नाही. त्यासाठी लगेच फ्रिज घेण्याची गरज नाही: पात्र पाण्याच्या टबात ठेवावे, त्याभोवती ओले कापड गुंडाळावे आणि पाण्यात गोठवलेल्या बाटल्या आलटून पालटून सोडाव्यात. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला मात्र ८ ते १३ अंश लागतात, म्हणून ती पुढच्या टप्प्यासाठी ठेवावी.

घटकांमध्ये पाच लिटरसाठी साधारण ६५० ग्रॅम सुका माल्ट अर्क, १० ते १५ ग्रॅम हॉप्स (कडवटपणा आणि सुवास देणारी फुले) आणि सुक्या यीस्टचे अर्धे पाकीट पुरते. अख्ख्या धान्यापासून सुरुवात केली तर माल्ट स्वस्त पडते; पण ते ६५ ते ६८ अंशांवर तासभर भिजत ठेवावे लागते. अर्काचा जास्तीचा खर्च ही पहिल्या काही खेपांत सोपेपणाची किंमत समजावी.

दुसरा प्रतिसाद

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, मात्र पाच लिटरच्या सल्ल्याशी नाही. पाच लिटर असो वा वीस, धुणे, तासभर उकळणे, थंड करणे आणि पुन्हा धुणे यांत अर्धा दिवस जातोच. तेवढ्या श्रमातून बाटल्या हाती येतात दहाहूनही कमी. अर्क वापरणार असाल, तर याच पातेल्यात सात-आठ लिटर घट्ट वर्ट उकळून, नंतर आधीच उकळून गार केलेले पाणी घालून दहा लिटर सहज करता येतात. त्यामुळे किण्वनपात्र तेवढे १५ लिटरचे घ्यावे. उकळताना झाकण उघडे ठेवावे. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते कार्बन फिल्टरमधून गाळून घ्यावे, कारण क्लोरीनमुळे बिअरला औषधासारखी चव येऊ शकते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. दहा लिटरचा पर्याय पटला. आता प्रश्न उरतो बाटल्यांचा. साखर घालून बाटलीत वायू धरताना बाटल्या फुटल्याचे वाचले आणि धास्ती वाटली. केग घेणे अधिक सुरक्षित ठरेल का?

पहिला प्रतिसाद देणारे सदस्य

केग, सिलिंडर, रेग्युलेटर आणि ते मावेल असा फ्रिज, हा या छंदातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे. वर्षभर नियमित बिअर तयार केल्याशिवाय त्याचा विचार करू नये. बाटल्या फुटण्यामागे बहुधा दोनच कारणे असतात: किण्वन अपुरे असताना त्या भरणे किंवा साखर अंदाजाने घालणे. हायड्रोमीटरची नोंद दोन-तीन दिवस स्थिर राहिली की मगच बाटल्या भराव्यात. साखर प्रति लिटर ६ ते ७ ग्रॅम या हिशेबाने तोलून, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये हळुवार मिसळावी. तुमचा वजनकाटा इथे उपयोगी पडेल.

पहिल्या खेपेसाठी वायुयुक्त पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या सर्वांत सोयीच्या आहेत. त्या दाब सोसतात, वेगळे झाकणयंत्र लागत नाही, आणि बाटली हाताला टणक लागू लागली की वायू धरला आहे हे कळते. पुढे काचेकडे वळलात, तर तपकिरी, जाड आणि फिरकीची नसलेली बाटलीच निवडावी, कारण फिरकीच्या तोंडावर दाबून बसवलेले झाकण नीट धरत नाही. दोन्ही प्रकारच्या बाटल्या पहिले दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, झाकणाच्या खोक्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात; त्यानंतर एक बाटली थंड करून उघडून पाहावी, आणि वायू कमी वाटला तर उरलेल्या बाटल्यांना आणखी एक आठवडा द्यावा.