आई-आज्जीनं घालून दिलेलं, घरात अजून चालणारं (अनुभव धागा)

मंडळी, आई-आज्जीवर लिहायला बसलं की हात आपोआप कष्ट, माया, त्याग इकडं वळतो. ते खरंच असतं, पण वाचून कुणाची आई नेमकी कशी होती ते काही कळत नाही. म्हणून इथं एकच अट. तिनं घरात सुरू केलेली, बंद पाडलेली किंवा बदललेली एखादी गोष्ट सांगा, जी आजही चालू आहे. कोल्हापूर आणि आसपासच्यांनी लिहाच, बाहेर गेलेल्यांनीही लिहा.

सुरुवात मी करतो. आमचं गाव करवीर तालुक्यात. ऊस बाबांचा, म्हशी आईच्या. उसाचं बिल कारखान्यातून सोसायटीत जायचं आणि पीककर्ज वळतं होऊन उरेल ते हातात यायचं. कधी उरायचं, कधी नाही. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी यायचं. 1963 मध्ये 'गोकुळ' हा जिल्ह्याचा दूध संघ सुरू झाला, पुढं गावोगाव दूध संस्था झाल्या. आमच्या गावातल्या संस्थेत आज्जीच्या काळापासून दूध जायचं, पण खातं आजोबांच्या नावावर. आईनं ते स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि जाहीर केलं, "उसाचा पैसा शेताचा, दुधाचा पैसा घराचा." फॅट कमी लागली की किटली हातात धरूनच ती सचिवाला जाब विचारायची. एकदा काकांनी ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी दिवाळीचा दूध फरक, म्हणजे संस्था वर्षाच्या दुधावर देते ती जादा रक्कम, मागितला. "भावजी, म्हशीला विचारा. ती हो म्हणाली तर न्या," म्हणाली. आम्ही तिघं भावंडं त्या फरकावर शिकलो.

आता मी एमआयडीसीत, बायको बँकेत. गोठ्यात स्कूटर लागते. पण पोरांच्या फीचं आणि दवाखान्याचं खातं वेगळं आहे, आणि त्याला आम्ही अजून दुधाचं खातंच म्हणतो.

कांदालसूण (सध्या पुणे)

एप्रिल लागला की आईचा फोन, "कधी येतीस?" ही माझी आठवण नसते, मिरचीची देठं काढायला माणूस हवं असतं.

आज्जीला तीन सुना. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण वर्षाची चटणी तिघींची एकत्रच होणार, हे तिनं वाटणीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. कांदा उन्हात वाळवून तेलात परतायचा, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, डंकावर (चटणी कुटायच्या यंत्रावर) नंबर लावायचा. लसूण शेवटी. कुटून आणल्यावर आज्जी तराजू घेऊन बसायची आणि ज्या घरात जितकी खाणारी तोंडं, तितक्या मापानं वाटून द्यायची. धाकट्या काकी आणि आई बांधावरून मधली काही वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. तेव्हाही देठं काढायला एकाच चटईवर बसायच्या. बोलायच्या नाहीत, पण "त्यांना सांगा, धणे करपायला लागलेत" असं तिसऱ्या काकीमार्फत चालायचं. बोलणं पुन्हा सुरू झालं तेही तिथंच. आज्जी गेली, तराजू आता थोरल्या काकींकडं आहे.

पाव्हणा

प्रमाण टाका की ताई!

कांदालसूण

आमच्यात किलोभर मिरचीला साधारण तेवढाच कांदा, अर्धा किलो खोबरं, पाव किलो लसूण. मीठ आणि खडा मसाला ज्याच्या त्याच्या घरचा. बरणीत हिंगाचा खडा विसरू नका.

वेणीवाली

आमचं चपलेचं घर, सुभाषनगर. चपलेत कापणं-घडवणं पुरुषांकडं, वेणी (पट्ट्यावरची चामड्याची गुंफण) आणि बारीक शिवण बायकांकडं. गिऱ्हाईक मात्र पैसे जोडीचे देतं आणि ते पुरुषाच्या हातात देतं. आज्जीनं लग्नानंतर काही वर्षांनी आजोबांनाच सांगितलं की वेणीचे पैसे वेगळे मोजून द्यायचे. नवऱ्याकडून मजुरी घेते म्हणून गल्लीत हसले लोक. आजोबा आठवडाभर रुसले, मग द्यायला लागले, कारण वेणीशिवाय पट्टे तसेच पडून राहिले होते.

तिची वही आहे अजून. लिहिता येत नव्हतं, रेघा मारलेल्या आहेत, एका जोडीला एक. पुढं आई, काकी, आता मी. मी ऑनलाइन ऑर्डर घेते. दर ठरवताना पहिला आकडा वेणीचा लिहिते, बाकीचे खाली. 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले, पण आज्जीला त्याचं फार काही वाटलं नाही. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्यासारख्या चपला दाखवल्या आणि बोंब झाली. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "पर वेणी कुणी घातली? तिला काय दिलं?"

गडहिंग्लजकर

थोडक्यात लिहितो. आई शिक्षिका, सकाळची शाळा. सातवीत गेल्यावर आम्हा दोघा भावांना भाकरी आलीच पाहिजे, हा तिचा नियम. लग्नानंतर सासुरवाडीची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा मी काटवटीपाशी बसलो होतो. सासरे बराच वेळ काही बोललेच नाहीत. जेवताना तिसरी भाकरी मागितली.

शिरोळकर

लिहू का नको असं चाललं होतं.

2021 च्या उन्हाळ्यात कोरोनानं वडील गेले. दहाव्याला भावकीतल्या बायका आल्या, आईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला. त्यांच्याही मनात वाईट काही नव्हतं, रीत म्हणून आल्या होत्या. आज्जी म्हणजे वडिलांची आई. तिचा लेक गेला होता. ती स्वतः तिशीत विधवा झालेली. ती सोप्यात आईच्या पुढं उभी राहिली. "तिच्या हाताला कुणी शिवायचं न्हाई. माझ्या येळंला मधी कोण आलं न्हाई, म्हणून मी हितं हुबी हाय." कुणीतरी म्हणालं, "आक्का, लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "लोकास्नी माझ्याकडं लावून दे."

हे एका दिवसात मिटलं असं समजू नका. वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण, आईला बोलावणं येईना. मग आज्जीनं ठरवलं की जिथं सुनेला बोलावणं नाही तिथं आपणही जायचं नाही. भावकीत सगळ्यात वयस्कर तीच. ती नाही म्हणजे लोकांना अडचण. पुढच्या संक्रांतीला तिनं आमच्या घरी हळदीकुंकू केलं आणि सगळ्यांना कुंकू स्वतःच्या हातानं लावलं. काहीजणी आल्या नाहीत. आल्या त्यांच्यात दोघी विधवा होत्या. त्यातली एक कपाळ पुढं करताना इतकी थरथरत होती की आज्जीनं तिची हनुवटी धरली.

मग 4 मे 2022 ला आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पंधरवड्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी हेच करावं असं सांगितलं. मी पेपर वाचून दाखवला. आज्जी म्हणाली, "आत्ता व्हय? बरं झालं." आणि चहाचं विचारलं.

आई आता प्रत्येक हळदीकुंकवाला जाते. अजून दोन घरं आहेत जी बोलावत नाहीत. आज्जी थकलीय, पण त्या दोन घरांत ती आजही जात नाही.

धागाकर्ता

शिरोळकर, बरं झालं लिहिलंत. शाहू महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला 1917 मध्ये, आणि हेरवाडचा ठराव त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यातला. कायद्यानंतरही दारात उभं राहायला कुणीतरी लागतंच.

कुरुंदवाडची

आमच्या गावात मशिदींत गणपती बसतो, हे इकडं नवीन नाही. 2019 ला ऑगस्टमध्ये महापूर, आणि सप्टेंबरात गणपती-मोहरम एकत्र. घरातलं धान्य सगळं भिजून गेलेलं. दादीचा नियम असा की चोंग्यांचं (मोहरमच्या गोड रोट्यांचं) पहिलं ताट समोरच्या घरी जाणार, मगच आम्ही खाणार. त्या वर्षी पीठच नव्हतं. समोरच्या काकू छावणीतून परत येताना मिळालेलं पीठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमचं ताट चुकवायचं नाही." पहिलं ताट त्यांनाच गेलं.

गंगावेस

सगळ्यांचं वाचलं, छान आहे. पण माझ्या आज्जीचा नियम आमच्या घरात मोडला गेला, आणि तो मोडणारी आई होती, म्हणून लिहिते.

दोघं भाऊ तालमीत जायचे. बदाम, तूप, निरसं दूध सगळं त्यांना. मला सायीखालचं, तेही उरलं तर. आज्जी दुष्ट नव्हती. तिच्या हिशेबात दूध म्हणजे मेहनत करणाऱ्या गड्याचं खाणं. आई समोर कधी बोलली नाही. मी आठवीत कबड्डी खेळायला लागले तेव्हा एक दिवस संध्याकाळी तिनं मला भाजी आणायला म्हणून बाहेर काढलं आणि थेट गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून पेला हातात. भोवती सगळे पैलवान गडी. आई डोक्यावर पदर घेऊन उभी, "पी. बघू देत बघतात तर." मग हे नेहमीचंच झालं.

आज्जीला कळायचं ते कळलंच. भडकली. आईनं फक्त इतकंच सांगितलं की पैसे माझ्या शिलाईचे आहेत. आज्जीनं शेवटपर्यंत हे पटवून घेतलं नाही, आणि आईनंही थांबवलं नाही. बाकी दोघींचं एरवी उत्तम जमायचं, ललिता पंचमीला टेंबलाईच्या देवळात जोडीनं जायच्या, आणि परत येताना माझी तक्रार एकमेकींना सांगायच्या.